काका, तुम्ही आधी गाडीखाली बघायला लावलंत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या नावाने आहे, पण सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडंच लिहिते आहे. समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा सांगता, हे आता पाठ झालंय. शिवाय आपल्या बडोद्यात आणि बाहेरही, दोन सीटची छोटी उघडी गाडी असावी असं मनात बाळगून असलेली बरीच माणसं मला या काळात भेटली. एमजी मिजेट ही जुनी इंग्लिश उघडी गाडी निवडताना आणि दुरुस्त करताना तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांनाही मिळावं.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. गर्दी रोल्स-रॉइसभोवती होती, मी मात्र लहान उघड्या गाड्यांपाशीच रेंगाळत होते. ही हौस जुनीच, त्या दिवशी तिने उचल खाल्ली. घरी विचारलं गेलं, दोन सीटच्या गाडीचा उपयोग काय? मला चालवायची होती. जमिनीलगत बसून, वारा अंगावर घेत, स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळेल अशी. याहून वेगळं कारण माझ्यापाशी नव्हतं, आणि तुम्ही ते मागितलंही नाहीत. पहिल्याच भेटीत तुम्ही एवढंच विचारलंत, "ठेवणार कुठे?"

माझ्या यादीत सगळ्यात वर माझदा एमएक्स-5 होती. 1989 साली आलेली, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन दोन्ही आसांवर जवळपास सारखं वाटलेलं. आजच्या काळात छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारला पुन्हा दिवस दाखवले ते तिनेच. पण ती आपल्याकडे कधी अधिकृतपणे विकली गेली नाही, आणि वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर जकात. तो रस्ता बंद. मग गोव्याला बनलेली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. ती तुम्ही नाकारली नाहीत. "पत्रा गंजण्याची भीती नाही, हे चांगलं. पण इंजिनाचे भाग कुठून आणशील ते आधी लिहून काढ," म्हणालात. मी लिहायला बसले आणि कागद बराचसा कोराच राहिला.

तिसरी गाडी मला एका एजंटाने दाखवली होती. चार दारांच्या साध्या गाडीचं छप्पर कापून केलेली "कन्व्हर्टिबल". रंग सुरेख, किंमत आवाक्यात. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि मला बाजूला घेऊन समजावलंत. बंद गाडीत छप्पर नुसतं ऊन-पाऊस अडवत नाही, बॉडीचा बराच ताण तेच पेलतं. मिठाईच्या खोक्याचं झाकण काढून दोन टोकं धरा, खोका लगेच पिळतो, तसंच. मुळात उघडी म्हणून घडवलेल्या गाडीत तो ताण दारांखालच्या पेटीसारख्या पत्र्यावर, म्हणजे सिलवर, आणि दोन सीटच्या मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर घेतलेला असतो. कापलेल्या गाडीत तो घ्यायला कोणीच नसतं. आणि कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल, दोन्ही तुम्ही मला तोंडपाठ सांगितलेत. कंपनीने जे नोंदवलं त्याच्या विरुद्ध गाडीची मूळ रचना बदलायची नाही. कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला कलमं पाठ असतील असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी एमजी मिजेटवर आलो, 1964 ते 66 मधल्या दुसऱ्या मालिकेवर. 1098 सीसी, 59 अश्वशक्ती, वजन सातशे किलोच्या आसपास. तुमचा कल तिकडे होता कारण तिचं ए-सिरीज इंजिन तुमच्या जुन्या मॉरिस मायनर गाडीच्याच घराण्यातलं. शिवाय तिचे पिस्टनपासून पॅकिंगपर्यंत जवळपास सगळे भाग आजही नवे मिळतात. पंपावर लोक अष्टकोनी बिल्ला बघून विचारतात, "हालोलची का?" बडोद्याजवळ हालोलला आज एमजी नावाचा कारखाना आहे खरा, पण माझी गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला बनली, आणि तो कारखाना 1980 सालीच बंद झाला. 2025 साली त्याच नावाची दोन सीटची विजेवरची सायबरस्टर भारतात आली तेव्हाही तुम्ही ती मन लावून बघितलीत, दाराची बिजागरी कशी उचलते हे विचारलंत. जुन्याचा अभिमान धरून नव्याला नावं ठेवणारे खूप भेटतात. तुम्ही त्यांतले नाही, हे मला फार आवडतं.

आता आपण बघितलेल्या दोन मिजेटबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण खरी मदत इथे झाली.

पहिली लाल होती. आरशासारखी चमक, क्रोमच्या पट्ट्या, इंजिन एका सेल्फला सुरू. मी तर तिच्यावर लट्टूच झाले होते. तुम्ही खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलंत आणि दाराखालच्या सिलवरून हळूहळू फिरवायला मला दिलंत. पुढे चिकटलं, मध्ये सुटून हातात आलं, मागे पुन्हा चिकटलं. मधल्या वीतभर जागेत पत्रा नव्हताच, रंगाखाली नुसती लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. मग मालकाची परवानगी घेऊन दाराजवळ जॅक लावलात. चाक जमिनीवरून सुटायच्या आत दाराची मागची फट मिटत गेली आणि दार चौकटीत रुतलं. गाडी मधूनच वाकत होती. मालकाला तुम्ही एक शब्द वावगा बोलला नाहीत, "छान ठेवली आहे, पण आमच्या कामाची नाही," एवढंच.

दुसरी आणंदकडची. मळकट पांढरी, सीट उंदरांनी कुरतडलेल्या, इंजिन कित्येक वर्षं बंद. मी दारातूनच परत फिरणार होते. तुम्ही मात्र चटई टाकून गाडीखाली शिरलात ते बाहेरच येईनात. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा बॉडीला जिथे अडकवतात तिथे टॉर्च मारून मला वाकून बघायला लावलंत, कारण या गाड्या गंजायला तिथूनच सुरुवात होते. कोरडा, टणक पत्रा. जॅक लावला, दार आधीसारखंच उघडलं, मिटलं. पुढचं चाक वरखाली हलवल्यावर खटखट झाली. तुम्ही मला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलंत आणि पुन्हा हलवलंत. खटखट तशीच. म्हणजे बेअरिंग नाही, पुढचं चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन झिजलेली, दुरुस्त होणारी गोष्ट. नंतर आरसी आणि इंजिनावर रिव्हेटने ठोकलेली नंबराची पट्टी आकडा आकडा करून जुळवली. "इंजिन मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत उघडता येतं. बॉडी आणि कागद मकरपुऱ्यात बनत नाहीत," हे तुमचं वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय. तीच घेतली.

त्या कागदांचं मोल नंतर कळलं. 2021 च्या विंटेज गाड्यांच्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीची नोंदणी होते, आधीचा नंबर असेल तर तो कायम राहतो. अट ही की चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. मला ती ऑफिसला न्यायचीच नव्हती. पण त्याच सुमारास मला चारी बाजूंनी सल्ला मिळत होता, मारुतीचं इंजिन टाका, एसीसुद्धा बसेल. तुम्ही नसतात तर कोणाच्या तरी भरीस पडून त्या गाडीची ओळखच पुसली गेली असती.

फेरफाराबाबत तुमचा नियम एकच होता, कापायचं नाही आणि काढलेला भाग फेकायचा नाही. मी पाच गिअरच्या बॉक्ससाठी हट्ट धरला होता, कारण हायवेला शंभराच्या वेगाला हे इंजिन चार हजार फेऱ्यांवर ओरडतं. तुम्ही त्यासाठी कापाव्या लागणाऱ्या बोगद्याच्या पत्र्याकडे बोट दाखवलंत, म्हणालात, "सत्तर-ऐंशीने चालव, तिचा तो सूर आहे." पटलं.

बडोद्याच्या उन्हाचं मात्र काहीतरी करणं भागच होतं, आणि तिथे एका गोष्टीतून दुसरी निघत गेली. रेडिएटरची जाळी नवी भरून घेतली, तरी सिग्नलला तापमानाचा काटा चढायचा. म्हणून विजेचा पंखा. पंखा आणि दिवे एकत्र लागले की 22 अँपिअरचा जुना डायनामो पुरेना, म्हणून जास्त वीज देणारा ऑल्टरनेटर. त्यासाठी गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्हचं निगेटिव्ह करावं लागलं. डायनामो तुम्ही ग्रीस लावून, तेलकट कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून माझ्या कपाटात ठेवायला दिलात. इंजिनाला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉईंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट गेलं, बाहेरून कळतही नाही. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या, कारण हे इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलसाठी घडवलेलं. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदललेत. जुना पाइप तुम्ही चिमटीत दाबून दाखवलात, तो रबर राहिलाच नव्हता, मऊ पडून बोटाला काळा रंग लागत होता. इंजिनाच्या इतक्या जवळ.

स्वतःचा नियम तुम्ही एकदाच मोडलात, सीटबेल्टसाठी. भोकं पाडलीत, मागून पोलादी पट्ट्या वेल्ड केल्यात आणि सांगितलंत की इथे मूळ-बिळ काही बघायचं नाही. माझी उंची कमी म्हणून सीटखाली सागाची फळी तासून दिलीत, ती दोन बोल्ट काढले की निघते. हूड रिक्षाचे हूड शिवणाऱ्या भाईंकडून करून घेतला. ते म्हणाले, "बेन, भर दुपारी आणा, रेक्झिन उन्हात ताणलं की मग सुरकुती नाही." तसंच झालं.

एक गोष्ट मला सर्वांत जपून ठेवावीशी वाटते. हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे, जोडीतले ते दोन एसयू कार्ब्युरेटर तुम्ही स्वतः पाच मिनिटांत लावून दिले असते. त्याऐवजी रबरी नळीचं एक टोक माझ्या कानाला लावलंत, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांपाशी धरायला सांगितलंत. दोन्हीकडची फुस्स सारखी ऐकू येईपर्यंत स्क्रू मीच फिरवायचा. मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटाने किंचित उचलायचा. इंजिन क्षणभर वर जाऊन स्थिरावलं तर मिश्रण बरोबर, वरच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी. अंधार पडला तरी तुम्ही स्क्रूला हात लावला नाहीत. त्या संध्याकाळी काकू जेवायला थांबल्या होत्या, त्यांचेही आभार मानायचे आहेत.

आणि ते इंची पाने. 13 मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो, पण तेवढ्या ढिलाईनेही कोपरे झिजतात, म्हणून तुम्ही नोकरीच्या काळातला तुमचा स्वतःचा संच मला दिलात. हँडलवर तुमची खूण कोरलेली आहे. मी तो रोज पुसून ठेवते.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली त्या दिवसांत तुमच्या स्वतःच्या गल्लीत पाणी होतं. तरी सकाळी पहिला फोन तुमचा, "गाडी उंचावर ने, बॅटरी काढ." मी ती ओळखीच्यांच्या इमारतीच्या रॅम्पवर नेऊन ठेवली. आमच्या पार्किंगमध्ये नंतर कमरेइतकं पाणी होतं. गाडी वाचली याचा आनंद आहेच, पण घरात पाणी शिरत असताना तुम्हाला माझी आठवण झाली, हे मी कशातही मोजू शकत नाही.

थंडी सुरू झाली की रविवारी पहाटे हालोल रस्त्याने चांपानेरपर्यंत जाऊन येते. हूड काढून डिकीत, कानटोपी घातलेली. गाडी गरम होत नाही, ब्रेक सरळ लागतात. चौथ्या गिअरमध्ये मात्र साठ-पासष्टला एक बारीक घरघर येते, ती तुम्हाला ऐकवायची आहे. किंगपिनला ग्रीस मारायची वेळही झाली. येत्या रविवारी दहाच्या सुमारास येऊ का?

निजामपुऱ्यातल्या एका मुलाने भरूचला ट्रायम्फची एक स्पिटफायर गाडी बघितली आहे. त्याला मी चुंबक दिलंय आणि लांबीबद्दल सांगितलंय, पण तिचं चॅसिस बॉडीपासून वेगळं, तिथलं मला कळत नाही. तुमचा नंबर त्याला देऊ की नको, तेवढं कळवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
दांडिया बाजारची मिजेटवाली