‘बसले’ आणि ‘बसलो’ यांमधला मुलगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवले. नववीच्या वर्गाला एकदा पावसाळ्यातील एका दिवसावर निबंध लिहायला दिला असता एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘मी एकटाच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसलो.’ मी ‘एकटाच’चे ‘एकटीच’ केले, ‘बसलो’खाली लाल रेघ ओढून ‘बसले’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. पुढच्या निबंधात त्या मुलाने (आज मी मुलगाच म्हणेन) पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘आम्ही गेलो’, ‘आम्ही बसलो’ असेच लिहिले. अनेकवचनात मुलगा-मुलगी दोघांचे क्रियापद सारखेच असल्यामुळे लाल रेघ ओढायला मला कुठे जागाच उरली नाही. त्याने ते मुद्दाम केले होते, हे मला माझ्या निवृत्तीनंतर तो भेटायला आला तेव्हा कळले.

त्या भेटीत तो म्हणाला, ‘बाई, माझ्यासारखा मुलगा मला पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकात भेटला.’ अमेरिकेत पारलिंगी, म्हणजे जन्मतः नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या, किशोरवयीनांविषयीच्या कादंबऱ्या तरुण वाचकांसाठी आवर्जून छापल्या जातात. २००४ साली अशी एक कादंबरी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथ पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. त्या कादंबरीतील पारलिंगी मुलगी मात्र वाचकाला तिच्या बहिणीच्या तोंडून कळते. पुढे पारलिंगी लेखक-लेखिका स्वतः लिहू लागले आणि त्यांच्या पुस्तकांतील मुले प्रेमात पडू लागली, रुसू लागली, नवे नाव निवडून ते वहीवर गिरवून पाहू लागली. सोळाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला आपल्या खऱ्या नावाने हाक मारावी, एवढीच ओढ त्यांत असते, आणि ती पुरी होते, हे मला फार मोलाचे वाटते.

मराठीत असे किशोर साहित्य मला आढळले नाही. आपल्याकडे तृतीयपंथीयांची आत्मकथने आहेत, कविताही आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण ते प्रौढांचे, बहुतांशी सोसण्याचे लेखन आहे. लोकलच्या डब्यात मैत्रिणींबरोबर उभे असताना मनातल्या मनात ‘मी दमलो’ म्हणणारा आणि घरी आईला ‘मी दमले गं’ सांगणारा पंधरा वर्षांचा मुलगा त्यात नाही. या मुलाची गोष्ट इंग्रजीतून अनुवाद करून आणता येईल, असेही मला वाटत नाही. इंग्रजीतल्या ‘मी’ला आपले लिंग सांगावे लागत नाही, मराठीत मात्र साधे ‘मी आलो’ म्हणतानाही निवड करावी लागते. (कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, हेही इथे आठवते.) मनात एक रूप आणि ओठांवर दुसरे, ही घालमेल मराठी कादंबरीकाराला भाषेनेच आयती देऊ केली आहे.

‘अशा पुस्तकांनी मुलांच्या डोक्यात नको ते भरते’ ही पालकांची भीती मला ठाऊक आहे. मी त्यांच्याशी आयुष्यभर बोलत आले आहे. त्यांना मी एवढेच सांगेन की तो निबंध लिहिला तेव्हा त्या मुलाने असे एकही पुस्तक पाहिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरीही पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलासाठी ओळख प्रमाणपत्राचा अर्ज पालकांनीच करायचा, अशी तरतूद आली. म्हणजे घरी तोंड उघडता न येणाऱ्या मुलाला तो मार्ग बंद. शाळेकडे वळावे, तर पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका २०२१ साली तक्रारींनंतर संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आली. ती पुस्तिका माझ्या हाती वेळेवर पडली असती, तर तो अर्धा गुण मी कापला नसता. अशा मुलाला कुणाचीही परवानगी न मागता उघडता येते ते ग्रंथालयातले पुस्तकच.

म्हणून मराठी प्रकाशकांना, मुलांच्या दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि १९७१ पासून घराघरांत जाणाऱ्या ‘किशोर’ मासिकालाही माझी विनंती आहे की त्यांनी पारलिंगी लेखकांकडून अशा कथा मागवाव्यात, त्यांचा शेवट मृत्यूत किंवा घर सोडण्यात व्हावा असा आग्रह धरू नये, आणि हस्तलिखितात एखादी मुलगी ‘मी एकटाच बसलो’ म्हणाली, तर मुद्रितशोधकांना ते वाक्य तसेच ठेवायला सांगावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
दादर, मुंबई