ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र विभागाच्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमच्यासमोर रोज इतके डोळे येतात, म्हणून ओळख सांगतो. सकाळी उठल्यावर उजव्या डोळ्याला "वरचं दिसते, खालचं गायब" असं म्हणत आलेल्या वर्ध्याकडच्या कापूसवाल्या बाबांचा मी मुलगा.

गावानं मोतीबिंदू ठरवून शिबिरात नावही घातलं होतं. तुम्ही या डोळ्यावरून त्या डोळ्यावर टॉर्च फिरवला आणि म्हणालात, मोतीबिंदू असा एका रात्रीत येत नाही. मग विचारलंत, "भाकर चावताना जबडा दुखते का? कानशील?" बाबा हसले. डोळ्याच्या दवाखान्यात दाताची चौकशी! ते दुखणं असतं तर रक्तवाहिन्या सुजण्याचा वेगळा आजार असू शकला असता, त्यात दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो आणि स्टिरॉइड लगेच सुरू करावं लागतं, हे सेवाग्रामला डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तिकडे का पिटाळलंत, ते तेव्हा कळलं.

बाबांचं निदान दुसरं निघालं. डोळ्याच्या नसेच्या टोकाला रक्त कमी पडलं होतं. जुनी शुगर, जोडीला बीपी. शुगरनं पडदा खराब होतो हे ऐकून होतो, नसही जाऊ शकते हे आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

सगळ्यात जास्त आभार तुमच्या कडू बोलण्याचे. वावर गहाण टाकून नागपूरला नेतो म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "गेलेली नजर हमखास आणील असं औषध आज नाही. पैसे घेऊन खात्री देईल त्याला दारात उभं करू नका. तो पैसा दुसऱ्या डोळ्यासाठी ठेवा." राग आला होता. पुढे नस मोकळी करण्याचा काढा घेऊन एक जण आलाच, आणि वावर वाचलं.

रात्रीच्या बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायला तुम्हीच सांगितलंत, झोपेत बीपी फार उतरलं तर नसेला रक्त अपुरं पडू शकतं म्हणून. बाबा घोरतात का, हेही विचारलंत. माय म्हणाली, "घोरते? शेजाऱ्याले झोप नाही!" घोरताना झोपेत श्वास अडकतो का, त्याचीही तपासणी झाली.

आता ओट्याच्या पायऱ्यांच्या कडेला चुना मारलाय, धुऱ्यावरून बाबा मान खाली घालून चालतात. शुगर आटोक्यात आहे, डावा डोळा ठरल्या वेळी दाखवतो. पुढच्या तपासणीला ते तुरीच्या शेंगांची थैली घेऊन येणार आहेत. भेट घेत नाही म्हणून परत करू नका, रुसतील.

आपला,
पऱ्हाटीवाल्यांचा मोठा मुलगा