वीजतारांजवळची झाडे: कंत्राट फांद्या तोडण्याचे नको, अंतर राखण्याचे हवे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की वीजतारांखालच्या झाडांवर कोयते चालू लागतात. महावितरण, नगरपालिका, ग्रामपंचायती आणि अलीकडे गृहनिर्माण सोसायट्याही हे काम कंत्राटदाराकडे सोपवतात. शाखा कार्यालयातल्या मोजक्या जनमित्रांकडून (महावितरणच्या लाइनवरच्या कर्मचाऱ्यांकडून) एवढी झाडे पावसाआधी उरकणे शक्य नाही, तेव्हा कंत्राट द्यायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती कंत्राटात जे लिहिले जाते त्याला. ‘वाहिनीला अडथळा ठरणाऱ्या झाडांच्या फांद्या तोडणे, नग इतके’ एवढी एक ओळ असते. मग बिल झाडांच्या नगावर निघते. तारेभोवती किती जागा मोकळी झाली, ती पुढचा पावसाळाभर मोकळी राहील का, हे कोणी मोजत नाही.

जिथे तोडलेले लाकूड कंत्राटदारालाच मिळते, तिथे गोष्ट आणखी बिघडते. तारेला धोका असतो तो बहुधा शेंड्याकडच्या मनगटाएवढ्या फांद्यांचा. पैसे मिळतात मांडीएवढ्या फांदीचे. मजूर साहजिकच बुंध्याजवळची मोठी फांदी उतरवतो आणि तारेत घुसलेली डहाळी जागच्या जागी राहते. झाडाचा तोल मात्र जातो. एका बाजूने भार काढलेले झाड जूनच्या पहिल्या वादळात त्याच तारांवर कलते. यात मजुराला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला जे काम सांगितले ते त्याने केले.

अंतराचे आकडे उपलब्ध आहेत. वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तार आणि झाड यांत ११ केव्हीला (किलोव्होल्टला) किमान २.६ मीटर, ३३ केव्हीला २.८, १३२ केव्हीला ४ आणि २२० केव्हीला ४.६ मीटर अंतर दिले आहे. हेच आकडे वनाबाहेरच्या कंत्राटातही घालावेत. घरांकडे जाणाऱ्या लघुदाबाच्या उघड्या तारांभोवती निदान सव्वा मीटर मोकळे असावे, असे आमचे मत आहे. पण हे अंतर छाटणीच्या दिवशी मोजून भागत नाही. उन्हाने आणि भाराने तार तापते, लांबते, तिचा झोळ वाढतो. डिसेंबरात सकाळी मोजलेले अंतर मेच्या दुपारी राहत नाही. वाऱ्यात तार हेलकावते, फांदीही हेलकावते. त्यात वाढ धरायची. सुबाभूळ किंवा निलगिरी छाटल्यावर एका पावसाळ्यात दीड-दोन मीटर सहज उसळते. म्हणजे ११ केव्हीखालच्या सुबाभळीला २.६ मीटरवर छाटले तर गणपतीपर्यंत ती पुन्हा तारेच्या जवळ. तिथे चार-साडेचार मीटर मोकळे करायला हवेत. आंब्याला, जांभळाला एवढे लागत नाही. कंत्राटात झाडाची जात आणि त्यापुढे सोडायचे अंतर असा तक्ता जोडला की वाद उरत नाहीत.

छाटायचे कसे, हेही लिहून द्यावे लागते. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे झाडाचे शेंडे एका उंचीवर सपाट उडवून ते बोडके करणे. कापलेल्या प्रत्येक खुंटाच्या टोकाला सालीखालून पाच-दहा फुटवे एकदम फुटतात. ते सरळ वर, म्हणजे तारेकडेच जातात, आणि त्यांची पकड लाकडात खोल नसल्यामुळे वाऱ्यात तुटून तारेवर पडतात. खुंट आतून कुजतो तो वेगळाच. तारेकडे जाणारी फांदी मागे अशा जोडाशी कापावी जिथून तारेपासून दूर जाणारी, मूळ फांदीच्या निदान तिसरा हिस्सा जाडीची उपफांदी निघालेली आहे. पुढची वाढ मग त्या उपफांदीत जाते. तारा झाडाच्या मधून जात असतील तर दोन्ही बाजू ठेवून मध्ये खोबण करावी, माथा उडवू नये. एका वर्षात जिवंत पसाऱ्याच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नये. तेवढ्याने अंतर मिळत नसेल तर ते झाड किंवा ती वाहिनी, यातले एक हलवायचा विचार व्हावा.

जड फांदीला तीन काप. पहिला खालून, बुंध्यापासून फूट-दीड फूट अंतरावर, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश. दुसरा वरून, पहिल्याच्या किंचित बाहेर. फांदी सुटते, पण खालची साल बुंध्यापर्यंत सोलली जात नाही. मग उरलेला खुंट. फांदी बुंध्याला मिळते तिथे सालीची फुगीर कड दिसते, तिच्या लगत बाहेरून तिसरा काप घ्यायचा. कड कापली तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तरी भरत नाही. कोकणात आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी, कारण उघड्या जखमेतून भिरुड शिरते. तारेच्या वर असलेली फांदी नुसती सोडून द्यायची नाही. वरच्या भक्कम फांदीवरून दोर घ्यायचा, खाली बुंध्याला दोन-तीन वेढे द्यायचे आणि फांदी सावकाश उतरवायची. तार बंद आहे म्हणून फांदी तिच्यावर पडू दिली तर खांबावर तार पेलणाऱ्या पिन इन्सुलेटरला बारीक तडा जातो, तारा जोडणारा जंपर ढिला होतो. त्या दिवशी काही दिसत नाही. पहिल्या पावसात मात्र तोच फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली ती वाहिनी, वारंवार ट्रिप (आपोआप बंद) होऊ लागतो आणि दोष हुडकायला अख्खी वाहिनी पायी पालथी घालावी लागते.

आपल्या जिल्ह्यातल्या दोन झाडांना ही रीत लागूच पडत नाही. नारळाला वाढीचा डोळा एकच, शेंड्यात. शेंडा उडवला की माड मेला. सुक्या झावळ्या आणि पेंडी वेळेवर उतरवणे एवढेच छाटणीच्या हातात आहे. तारेलगत उभ्या माडांसाठी उघड्या तारा काढून इन्सुलेटेड एबी केबल (आवरण असलेल्या तारांची एकत्र पिळलेली केबल) टाकणे हाच उपाय. बांबूचे उलटे आहे. तो अर्ध्यावर तोडून उपयोग नाही, तारेकडे कललेली काठी बुडातून काढावी. नवे कोंब पावसात दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात, त्यामुळे मेमध्ये साफ केलेले बेट सप्टेंबरात पुन्हा पाहिलेच पाहिजे. ओला बांबू वीज चांगली वाहतो. आणि आंब्याच्या कलमांचे सांगायचे तर फळ झाडावर असताना एप्रिलमध्ये बागेत कोयता घेऊन गेले की बागायतदार अडवणारच, आणि त्याचे चुकते असे आम्हाला वाटत नाही. आंब्याची छाटणी फळ उतरल्यावर लगेच, मेअखेर ते पावसाच्या तोंडावर ठेवावी. त्यासाठी कामाचे वेळापत्रक तालुक्याऐवजी झाडाच्या जातीनुसार आखावे लागेल.

आता जिवाचा प्रश्न. निष्काळजीपणाने अपघात होतो असे म्हणून मोकळे होता येत नाही, त्यामागे ठरावीक कारणे असतात. लाइन बंद असल्याचे परमिट उपकेंद्रातून जनमित्राच्या नावे निघते. झाडावर चढलेल्या माणसाला फक्त ‘लाइन बंद हाय’ असे खालून ओरडून सांगितले जाते. कोणती लाइन, हे त्याला माहीत नसते. एकाच खांबावर वर ११ केव्ही आणि खाली लघुदाब असतो. कधी दोन वेगळ्या फीडरच्या वाहिन्या असतात. पथदिव्यांची तार तर सर्वांत फसवी. दिवसा ती मेलेली वाटते, आणि काम लांबून संध्याकाळ झाली की टायमरने जिवंत होते. शेजारच्या डीपीवरून (रोहित्रावरून) ती आलेली असेल तर इकडचे फ्यूज काढूनही फरक पडत नाही.

एबी स्विचचा, म्हणजे खांबावर लाइन तोडणाऱ्या स्विचचा, दांडा खाली ओढला म्हणजे तिन्ही फेज सुटले असे नाही. गंजलेला एखादा ब्लेड अडकून राहतो. खाली उभे राहून तिन्ही ब्लेड डोळ्यांनी उघडलेले पाहायचे, मगच दांड्याला कुलूप आणि फलक. त्यानंतर तारेत वीज नाही हे तपासायचे आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे, म्हणजे तार जमिनीशी जोडायची. त्यासाठीच्या डिस्चार्ज रॉडचे टोक आधी जमिनीला जोडायचे, नंतर हुक तारेवर. काढताना उलट क्रम. लघुदाबावर डीपीतले तिन्ही फ्यूज काढून जनमित्राने स्वतःजवळ ठेवायचे आणि न्यूट्रल व पथदिव्याच्या तारेसह सगळ्या तारा एकत्र शॉर्ट करून अर्थ करायच्या. कुणाच्या घरी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर लावलेला असला की वीज उलटी तारेत येते. छतावरच्या सौर संचाचा इन्व्हर्टर पुरवठा गेला की आपोआप थांबतो, जनरेटर थांबत नाही.

दुसरे कारण वेळ. शटडाऊन तीन तासांचा आणि यादीत पंधरा झाडे. मोठ्या पर्जन्यवृक्षाला एका टोळीचा अर्धा दिवस जातो. मुदत संपत आली की ‘लाइन कधी सोडता?’ असे फोन सुरू होतात आणि खाली उतरलेला माणूस राहिलेल्या एका फांदीसाठी परत चढतो. परमिट परत करण्याआधी जनमित्र आणि कंत्राटदाराचा मुकादम या दोघांनी माणसे मोजून सही करावी. सगळे खाली, अर्थिंग काढले, त्यानंतर कोणीही वर नाही. एका शटडाऊनला किती झाडे घ्यायची हे झाडे बघून ठरावे.

तिसरे कारण हत्यार. ॲल्युमिनियमची शिडी किंवा लोखंडी आकडी या कामावर आणूच देऊ नये. झाडावर चेनसॉ चालवणाऱ्याला दोन वेगवेगळ्या दोरांनी बांधलेले असावे. एक दोर करवतीने कापला गेला तरी दुसरा राहतो. एका हाताने किंवा खांद्याच्या वर चेनसॉ चालवायची नाही. खाली झाडाच्या उंचीच्या दीडपट घेर दोरीने अडवावा.

चालू ११ केव्हीला झाड टेकले म्हणजे लाइन लगेच ट्रिप होते, हाही एक घातक समज आहे. झाडाचा विरोध जास्त असल्यामुळे प्रवाह रिलेच्या (बिघाड ओळखून लाइन बंद करणाऱ्या उपकरणाच्या) मर्यादेखाली राहू शकतो. लाइन चालूच राहते, झाड आणि बुंध्याभोवतीची ओली जमीन भारित होते. तारेला टेकलेल्या झाडात माणूस किंवा फांदी अडकलेली दिसली तर झाडाला हात लावू नये, दहा मीटर लांब राहावे आणि १९१२ वर कळवावे.

सोसायट्यांनी एवढे तरी पाहावे. फांदी कोणत्याही तारेपासून तीन मीटरच्या आत असेल तर खासगी कंत्राटदाराला थेट चढवू नका, आधी महावितरणच्या शाखा कार्यालयाला लेखी अर्ज करा आणि त्यांचा माणूस जागेवर हजर असल्याशिवाय काम सुरू करू नका. शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी वेगळी लागते. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेसुद्धा त्या कायद्यात तोडीतच मोडते. अर्जात झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर, फोटो आणि नेमक्या कोणत्या फांद्या, हे द्यावे. कंत्राटदाराकडून मजुरांच्या अपघात विम्याची प्रत घ्यावी, नुसते ‘आहे’ हे तोंडी उत्तर चालवू नये. फांद्यांत घरटी आहेत का, हे आदल्या दिवशी बघून घ्यावे.

मालक झाडाला हात लावू देत नसेल तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ खाली कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. त्याच कलमात, वाहिनी येण्याआधीपासून उभ्या असलेल्या झाडासाठी मालकाला भरपाई देण्याचीही तरतूद आहे. बागायतदारांना हा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. तो आधी सांगितला तर निम्मे विरोध मावळतील.

राहिले पैसे. बिल नगावर न देता स्पॅनवर, म्हणजे दोन खांबांमधल्या लांबीवर द्यावे. प्रत्येक स्पॅनचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र, आणि फायबरच्या मोजकाठीने किंवा लेझरने घेतलेले अंतर जोडावे. सत्तर टक्के रक्कम कामानंतर, उरलेली तीस टक्के ऑक्टोबरात पुन्हा मोजून. लाकूड मोबदल्यात देऊ नये, त्याचा वेगळा लिलाव करावा. फांद्या उचलण्याची जबाबदारी आणि मुदत त्याच कंत्राटात हवी. आज कंपनी पालिकेकडे आणि पालिका कंपनीकडे बोट दाखवते, तोवर पहिला पाऊस येतो आणि पाला गटारात जातो. आमच्या मते चोवीस तासांची मुदत पुरेशी आहे.

पुढल्या हंगामाच्या निविदेत या अटी घालायच्या तर दिवाळीपूर्वी मसुद्यात आल्या पाहिजेत. महावितरणचे मंडल कार्यालय आणि नगरपरिषदेचा उद्यान विभाग यांनी त्यासाठी एकत्र बैठक घ्यावी, आणि वाहिन्यांखाली नवी लागवड करताना गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांऐवजी तगर, कण्हेर, पारिजातक, कामिनी अशी चार-पाच मीटरच्या आत राहणारी झाडे लावण्याचे त्याच बैठकीत ठरवावे, ही विनंती.

आपले,
वीजवाहिन्यांच्या देखभालीतून निवृत्त झालेले काही तंत्रज्ञ व अभियंते,
रत्नागिरी