सुट्टे गेले, टीपही गेली

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हॉटेलांनी बिलात परस्पर सेवाशुल्क जोडून ते सक्तीने वसूल करायचे नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच हे सांगितले होते. पण हॉटेलचालकांच्या दोन संघटना कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली आणि घोंगडे भिजत पडले. निकालात या संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा भुर्दंडही बसला. तेव्हापासून ग्राहकांना चांगलाच जोर चढला आहे. 'सेवाशुल्क काढा, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो' असे मॅनेजरला ठणकावणारी मंडळी मी पाहिली आहेत. चुकीचे काहीच नाही, तो त्यांचा हक्कच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. शुल्क काढून घेतलेल्या त्या टेबलावरून ही मंडळी उठतात तेव्हा वेटरसाठी मागे काय उरते? माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा काहीच नाही.

मी मुंबईतल्या एका मध्यम उडुपी हॉटेलात बरीच वर्षे गल्ल्यावर बसलो, तेव्हा या व्यवहाराची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. समजा, बिल झाले ३८७ रुपये आणि गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली. परत द्यायचे ११३. यात शंभराची नोट देणे सगळ्यात सोपे, पण कुठलाही जाणता गल्लेवाला ती देत नसे. पन्नासची एक, वीसच्या दोन, दहाच्या दोन आणि तीन रुपयांची नाणी अशी मोड करून तो वेटरच्या हाती द्यायचा. वेटर ती बडीशेपेच्या बशीत पसरून ठेवी. गिऱ्हाईक मोठ्या नोटा उचले, एखादी दहाची आणि नाणी तिथेच राहत. शंभराची नोट दिली असती तर ती आणि सोबतची एकुलती दहाची सरळ खिशात गेल्या असत्या आणि बशीत राहिले असते तीन रुपये. हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते, तरी सगळ्या हॉटेलांत असेच चाले. मालकाला माहीत असे, तो बोलत नसे. आपल्या खिशातून न जाता पोरे खूश राहत असतील तर तो कशाला बोलेल?

आता टेबलावर क्यूआर चिकटवलेला असतो. बिल ३८७ झाले की गिऱ्हाईक बरोबर ३८७ पाठवते, गल्ल्यावरच्या पेटीतून पैसे आल्याचा आवाज येतो आणि विषय संपतो. लोक एकाएकी कंजूष झाले असे मी म्हणणार नाही. आपली टीप म्हणजे मुळात उरलेले सुट्टे. किती द्यायचे याचा विचार करून देणारे तेव्हाही थोडेच होते. यूपीआयने सुट्टेच संपवले, तेव्हा आता टीप द्यायची तर ती आठवणीने, वेगळी काढून द्यावी लागते. नेमके तेच होत नाही.

काही पोरांनी यावर तोड काढली आहे. मोबाइलच्या कव्हरमागे स्वतःचा क्यूआर ठेवतात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला हळूच दाखवतात. बऱ्याच मालकांना हे चालत नाही. गिऱ्हाइकापुढे हात पसरल्यासारखे दिसते म्हणे. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण मग मालकाने दुसरी काही सोय करून दिली आहे का? बिलाच्या रकमेवर वीस रुपये जास्त पाठवले तर ते हॉटेलच्या खात्यात जातात. रात्री हिशेब जुळवताना त्या विसाचे काय होते, हे गल्ल्यावरचा आणि मालक या दोघांखेरीज कुणालाच कळत नाही.

मालकवर्गाचे म्हणणे असे की म्हणूनच सेवाशुल्क बरे, ते सगळ्यांत वाटले जाते. वाटणारी हॉटेले आहेत, नाही असे नाही. पण किती वाटले आणि किती ठेवले हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि कामगाराला विचारायची सोय नाही. शिवाय हिशेब करून पाहा. हजार रुपयांच्या बिलावर दहा टक्के सेवाशुल्क म्हणजे शंभर, आणि पाच टक्के जीएसटी मग अकराशेवर लागतो. पन्नासच्या जागी पंचावन्न. तेच शंभर रुपये तुम्ही वेटरच्या हातात ठेवले तर कर नाही, मधला हात नाही.

यात एक गंमत आहे. गिऱ्हाइकाने कार्डावरून दिलेल्या टिपेवर पगारासारखा कर मालकाने कापावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मोठ्या तारांकित हॉटेलांच्या कंपन्यांचे म्हणणे होते की हा पैसा आमचा नव्हेच, आम्ही तो फक्त गिऱ्हाइकाकडून घेऊन कामगाराला पोचवतो. २०१६ साली न्यायालयाने ते मान्य केले. टीप हा पगार नव्हे, मालक मधला विश्वस्त. म्हणजे कर कापायची वेळ आली तेव्हा पैसा कामगाराचा होता! मग क्यूआरवरून आलेले जादा वीस रुपये कुणाचे, याचे उत्तर हॉटेलवाल्यांनीच कोर्टात देऊन ठेवले आहे. ते लहान हॉटेलांनाही लागू व्हायला काय हरकत आहे?

ब्रिटनने हे कायद्यातच बसवले. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे टीप आणि सेवाशुल्क, दोन्हीची पूर्ण रक्कम कामगारांना द्यावी लागते. कराखेरीज मालकाला त्यातून काही कापता येत नाही, वाटणी कशी करणार ते लिहून ठेवावे लागते आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पैसे द्यावे लागतात. आपल्याकडे ग्राहकाचे रक्षण झाले, ते छान झाले. कामगाराच्या टिपेबद्दल असा नियम मात्र अजून नाही.

अमेरिकेतल्या मुलाकडे राहून आलेले माझ्या वयाचे लोक तिथल्या टिपेच्या कहाण्या तिखटमीठ लावून सांगतात. वीस टक्के, बापरे! पण तिथे वीस टक्के का द्यावे लागतात हे कुणी सांगत नाही. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायची किमान मजुरी तासाला २.१३ डॉलर आहे आणि ती १९९१ पासून तेवढीच आहे. बाकीची मजुरी टिपेतून भरून निघेल असे धरलेले असते. म्हणजे पगाराचा भार गिऱ्हाइकावर. काही राज्यांत नियम बरे आहेत, पण मूळ तत्त्व हे. ती पद्धत आपल्याकडे येऊ नये असे मला मनापासून वाटते. आपल्या किमान वेतनात टीप मिळणाऱ्यासाठी वेगळा, कमी दर नाही. टीप मिळते म्हणून पगार कमी, असे आपल्याकडचा मालक कायद्याने म्हणू शकत नाही. तोंडी मात्र सर्रास म्हणतो. नवा पोरगा कामावर ठेवताना 'वरचे सुटतील की' हे वाक्य ठरलेले. पूर्वी ते कर्नाटकातल्या कुंदापूरकडच्या मुलांना ऐकवत, आता ओडिशा-झारखंडच्या. वरचे सुटणे बंद झाले, तरी वाक्य तेच आहे.

वाटणीचाही प्रश्न आहे आणि त्यात वेटर मंडळीही धुतल्या तांदळासारखी नाहीत. एसी विभागात टीप जास्त, म्हणून तिथल्या पाळीवरून भांडणे होतात आणि मॅनेजरच्या मर्जीतल्यांना ती मिळते. टेबल पुसणारा पोऱ्या, भटारखान्यातला मदतनीस आणि मोरीवर दिवसभर गरम पाण्यात हात घालून उभा असलेला माणूस यांना गिऱ्हाईक कधी पाहतच नाही, मग टीप कुठली! आमच्याकडे गल्ल्याशेजारी पत्र्याचा डबा होता. ज्याला सगळ्यांसाठी द्यायचे तो त्यात टाकी आणि महिन्याच्या एक तारखेला तो सर्वांसमोर उघडला जाई. मोरीवाल्याला वेटरइतकाच वाटा. त्यावर कुरकुर व्हायची, पण डबा चालू राहिला, कारण मोजणी उघड्यावर होती.

आता गिऱ्हाइकांविषयी थोडे. किती द्यावे असे मला नेहमी विचारतात. जिथे आपणच ताट उचलून आणतो तिथे काही नको. सेवाशुल्क भरले असेल तर वर पुन्हा नको. बाकी ठिकाणी बिलाच्या पाच ते दहा टक्के बरे, आणि नुसता चहा घेतला तर टीप ठेवली नाही म्हणून कोणी वाईट वाटून घेत नाही. थाळीच्या ठिकाणी वाढणारे चार जण असतात आणि ताट उचलायला पाचवाच येतो, तिथे एकाच्या हातात देण्यापेक्षा डब्यात टाकावे. मला राग येतो तो वाढदिवसाला बारा जण येऊन, टेबले जोडून घेऊन तीन तास बसणाऱ्यांचा. केकचे क्रीम गादीवर, चार वेळा फोटो काढून द्यायला वेटर, आणि शेवटी बिलाचे बारा भाग करून प्रत्येकाने पैशापर्यंत अचूक पाठवलेली रक्कम. त्या तीन तासांत त्याची दुसरी गिऱ्हाइके गेली, हे कुणाच्या गावी नसते.

आणि शंभराची नोट ठेवली म्हणून दिवसभर उभ्या माणसाला 'ए' म्हणायचा, चुटकी वाजवून बोलवायचा परवाना मिळत नाही. आमचे एक रोजचे गिऱ्हाईक कधी पाच रुपयांच्या वर ठेवत नसत. पण पाणी आणणाऱ्या पोरालाही 'भाऊ' म्हणत. त्यांच्या टेबलावर जायला पोरांची चढाओढ असे.

माझी मागणी फार मोठी नाही. यूपीआयने आलेली टीप बिलात वेगळ्या ओळीत दिसावी. ती महिन्यातून एकदा सर्वांसमोर मोजून वाटली जावी आणि वाटणीचा कागद भटारखान्याच्या दारावर लागावा. हॉटेलचालकांच्या संघटना सेवाशुल्कासाठी जवळपास पावणेतीन वर्षे कोर्टात खर्च करू शकल्या. टेबलावरच्या क्यूआरशेजारी कामगारांच्या सामाईक खात्याचा दुसरा क्यूआर चिकटवायला किती खर्च येतो, ते आता त्यांनीच सांगावे.

आपला,
एक निवृत्त गल्लेवाला, दादर
(कृपया नाव छापू नये.)