ऑफर दाखवून पगार वाढवून घेताना

चि. केतकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खराडीच्या कंपनीची 18 लाखांची ऑफर आल्याचं कळलं. तिकडे जायची तुला फारशी हौस नाही, पण तो कागद दाखवून आहे तिथंच पगार वाढवून घ्यावा असं तुझ्या मनात आहे. घ्यावा की! फक्त यात क्रम चुकला तर हातातलंही जातं.

आधी आकडे. सीटीसीची, म्हणजे कंपनीला तू वर्षाला एकूण कितीला पडतेस त्या आकड्याची, सीटीसीशी तुलना करू नकोस. आत्ताची 14,50,000 आणि नवी 18,00,000, म्हणजे वरवर 24 टक्के वाढ. आता नव्या आकड्यातून व्हेरिएबलचे (कामगिरीवर ठरणाऱ्या पगाराचे) 2,00,000 आणि जॉइनिंग बोनसचे 1,00,000 बाजूला काढ. व्हेरिएबल पूर्ण मिळेलच याची खात्री नसते. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत सोडलंस तर बहुतेक ठिकाणी परत मागतात. नव्या ऑफरमध्ये बेसिक (मूळ पगार) 7,50,000 आहे, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्क्यांनी 90,000 आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) 4.81 टक्क्यांनी 36,075. तेही महिन्याला हातात येत नाही, म्हणून वजा केलं की उरले 13,73,925. आत्ताच्या पगारातून असंच व्हेरिएबल 1,00,000, पीएफ 78,000 आणि ग्रॅच्युइटी 31,265 काढलं की राहतात 12,40,735. फरक 1,33,190. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ वर्षाला 12,000 ने जास्त कापला जाणार. म्हणजे महिन्याला साधारण 10,100 रुपये जास्त, तेही टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) कापायच्या आधी. साडेतीन लाखांचं हे एवढंच होतं.

पण याच हिशेबात तुझा फायदाही आहे. 18 मागितलेस तर मॅनेजरला वर 24 टक्क्यांची मंजुरी मागावी लागेल, आणि ती मिळणं कठीण. व्हेरिएबल आणि बोनस सोडून फिक्स्ड 13,50,000 चे 15,00,000 करा म्हटलंस तर मागणी 11 टक्क्यांची होते. अप्रेझलच्या (वार्षिक आढाव्याच्या) बाहेरची एवढी वाढ कंपन्या ‘करेक्शन’, म्हणजे मागे पडलेला पगार जुळवून घेणं, म्हणून बसवू शकतात.

अजून एक रक्कम तू धरलेली दिसत नाहीस. येत्या ऑक्टोबरात तुझी पाच वर्षं पूर्ण होतात. कायम नोकरीत पाच वर्षं भरायच्या आत सोडलं तर ग्रॅच्युइटी मिळत नाही. तुझ्या बेसिकवर महिन्याच्या पगाराचे 26 भाग, त्यातले 15, गुणिले पाच वर्षं, असं धरलं तर 1,56,250 होतात. आत्ता गेलीस तर नव्या नोकरीतली पहिल्या वर्षाची वाढ यातच गेली. जायचंच ठरलं तर जॉइनिंगची तारीख ऑक्टोबरनंतरची माग, नाहीतर तेवढी रक्कम भरून माग.

मॅनेजरशी बोलण्याआधी नव्या कंपनीच्या एचआरला मेल करून उत्तराला आठवडाभर मुदत वाढवून घे. आधी ऑफर स्वीकारायची आणि मग इकडे घासाघीस करायची, ही पद्धत सर्रास चालते. मला ती पटत नाही. होकार देऊन न येणाऱ्यांची नोंद राहते आणि पुण्यातले एचआरवाले एका कंपनीतून दुसरीत फिरत असतात.

बोलणं समोरासमोर कर, चॅटवर नको. एवढंच म्हण: “मला इथेच राहायचंय. बाहेरून एक ऑफर आली आहे, तिच्यात फिक्स्ड पंधरा लाख आहे. इथे तेवढं होत असेल तर मी ती नाकारते. शुक्रवारपर्यंत कळेल का?” मग गप्प बस. घरभाडं, ईएमआय, शेजारच्या टीममधल्या कुणाचा पगार, यातलं काही काढू नकोस. कंपनीचं नाव विचारलं तर सांगायला तू बांधील नाहीस. एचआरने पुरावा मागितला तर पगाराच्या ब्रेकअपचं (कुठला भाग किती, त्याचं) पान दाखव. संपूर्ण पत्र देण्याआधी त्यात गोपनीयतेचं कलम आहे का ते वाच. आणि आकडा फुगवून सांगायचा मोह झाला तर आवर. फुगवलेला आकडा ब्रेकअप मागितल्याबरोबर उघडा पडतो.

“अभिनंदन, लास्ट डे कधी?” असंही उत्तर येऊ शकतं. ते आलं तर तू खरंच जाणार असशील, तरच हा विषय काढ. नुसती धमकी असेल तर ऑफर बाजूला ठेव आणि मार्केट रेटवर बोल.

“एप्रिलच्या अप्रेझलला बघू” हे उत्तर गोड बोलून दिलेला नकार समज. रिटेन्शन बोनस (थांबण्यासाठी दिलेली एकरकमी रक्कम) देऊ म्हणाले तर तो फिक्स्डमध्ये धरला जात नाही, पुढची वाढ त्यावर मोजत नाहीत, आणि सोबत बारा किंवा अठरा महिने न सोडण्याची अट येते. फिक्स्ड वाढवलं तरी लगेच विचार: “एप्रिलचं इन्क्रिमेंट नेहमीप्रमाणे मिळेल ना?” पुष्कळांची वाढ “तुझं करेक्शन झालंय” म्हणून तिथेच अडते. हे उत्तरही लेखी घे.

सुधारित पगाराचं पत्र, लागू होण्याची तारीख आणि नवा ब्रेकअप मेलवर येईपर्यंत खराडीला नकार कळवू नकोस. मॅनेजरचा शब्द कितीही पक्का असला तरी मंजुरी त्याच्या हातात नसते. पत्र आलं की त्याच दिवशी दोन ओळींचा नम्र नकार पाठव.

पेपर टाकून, म्हणजे राजीनामा देऊन, मग बोलणी करायची, हे करू नकोस. राजीनामा पोर्टलवर गेला की तुझा नोटीस पिरियड सुरू होतो, आणि तो मागे घेऊ द्यायचा की नाही हे कंपनी ठरवते. तुझे नोटीसचे 90 दिवस आहेत. नव्या कंपनीला लवकर हवी असशील तर बायआउट (नोटीसच्या उरलेल्या दिवसांबद्दल भरायची रक्कम) कोण भरणार आणि तो बेसिकवर की ग्रॉसवर (एकूण पगारावर), हे त्यांच्याकडून लिहून घे. गेलीसच तर पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) ट्रान्सफर कर. पाच वर्षं व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो.

ऑफरमधलं व्हेरिएबलचं कलम मला पाठव. ‘कंपनीच्या कामगिरीनुसार’ असं लिहिलंय की ‘वैयक्तिक’, ते पाहायचंय.

तुझी,
आई