रस्ता बंदचा फळा एक चौक आधी लागला पाहिजे : सांगलीकरांना साहित्य आणि वेळेसाठी आवाहन

आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरही सांगेल. पण कर्नाळ रस्ता, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटकडच्या वाटा बंद व्हायला धोका पातळीची वाट बघत नाहीत. गटारातून उलटे फिरलेले पाणी तर त्याही आधी रस्त्यावर येते. पावसाळा सोडला तर ड्रेनेजची खोदाई आहेच.

रस्ता बंदची पाटी बहुधा खड्ड्याच्या तोंडाशीच असते. पेठेतल्या बोळात तिथवर गेलेली ॲम्ब्युलन्स किंवा मालाचा टेम्पो वळत नाही, आणि मागे घ्यावा तर पाठीमागे दुचाक्यांची रांग. म्हणून आमची नागरिक समिती बंद रस्त्याच्या अलीकडच्या चौकात सूचनेचे 20 फळे लावणार आहे. रस्ता बंद करण्याचा अधिकार पोलीस आणि महापालिकेचा. आपण फक्त त्यांचा निर्णय लोकांपर्यंत पोचवायचा. फळेही परवानगी घेऊनच लागतील, कारण मालमत्ता विरूपणाचा (विनापरवाना फलक लावून जागा विद्रूप करण्याविरुद्धचा) 1995 चा कायदा आपल्यालाही लागू आहे.

फ्लेक्स नको. वाऱ्याने फाटतो आणि मजकूर बदलता येत नाही. खडूचा फळा पहिल्याच सरीत कोरा होतो. म्हणून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा : 8 बाय 4 फुटांच्या एका पत्र्यात 3 बाय 2 चे पाच फळे निघतात, म्हणजे चार पत्रे पुरतील. कडा दुमडून घ्यायच्या, नाहीतर हात कापतो. वर प्रायमर, मग पांढरा ऑइल पेंट. ‘बंद’, ‘एकेरी’, ‘फक्त दुचाकी’ या रंगवलेल्या पट्ट्या हुकांवर अडकवायच्या. कुठून कुठपर्यंत, पर्यायी मार्ग आणि लिहिल्याची तारीख-वेळ परमनंट मार्करने. तो पावसात टिकतो आणि स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. अंधारासाठी रिफ्लेक्टर टेप. स्टँडला जुने अँगल चालतील. पायांवर वाळूची पोती ठेवावी लागतील. विजेच्या खांबाला फळा बांधायचा नाही, ओल्या तारेतून करंट उतरतो.

साहित्यापेक्षा माणसांची गरज जास्त आहे. रस्ता खुला होऊनही ‘बंद’ लटकत राहिले की दुसऱ्या वेळी फळ्याकडे कुणी बघत नाही. दर फळ्यामागे दोन माणसे हवीत, सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे. जागेवर जाऊन बघायचे, मगच लिहायचे. व्हॉट्सॲपवर आले म्हणून फळ्यावर चढवायचे नाही. 2019 आणि 2021 च्या महापुराचे फोटो आजचे म्हणून फिरायला वेळ लागत नाही.

घरात अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसचे किंवा ऑक्सिजन मशीनवरचे कुणी असेल तर नाव, मजला आणि गाडी घरापासून किती अंतरावर येते एवढे कळवा. ही यादी फळ्यावर किंवा ग्रुपवर जाणार नाही, फक्त समितीतल्या दोघांकडे राहील. डायलिसिसची पाळी टळत नाही, म्हणून अशा पेशंटला वाट बंद व्हायच्या आत हलवावे लागते. ऐनवेळी मात्र आमची वाट बघू नका, थेट 108 किंवा 112 लावा.

रोख पैसे घेत नाही. पत्रा, रंग, टेप, हुक, मार्कर, स्पिरिट, रिकामी पोती द्या. दिलेल्या प्रत्येक वस्तूची पोच मिळेल. वेल्डिंग किंवा अक्षरे रंगवणे जमत असेल तर तेही सांगा. रविवारी सकाळी 9 ते 11 टिळक चौकात टेबल असेल. कामाची वेळ देणाऱ्यांनी आपला चौकही तिथेच निवडावा. नदीकाठच्या चौकांना आधी माणसे हवी आहेत.