सुवर्णाला, साताऱ्याहून

रविवार, सातारा

प्रिय सुवर्णे,

तुझे तीन मेसेज बघून पण रिप्लाय केला नाही, रागावली असशील, म्हणून आज नीट बसून लिहितेय. तू विचारलंवतंस ना, एमएसडब्ल्यू, म्हणजे हे समाजकार्याचं एमए, करून तू नक्की होणार काय? घरी पण तेच, आई पाहुण्यांना सांगते अनाथाश्रमात पोरं सांभाळते. मला लागायचं गं. पण खरं सांगू, दिवाळीपर्यंत माझं मलाच कळत नव्हतं.

फिल्डवर्क आठवड्यातनं दोन दिवस, बालगृहात. मी गेले ती माऊली व्हायलाच. आपण साताऱ्यात वाढलो, कर्मवीर अण्णांनी १९२४ ला इथं बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी दागिने मोडले, हे शाळेत दरवर्षी ऐकलेलं, तेच डोक्यात. पण त्या रात्रंदिवस पोरांत होत्या आणि मी गुरुवार-शुक्रवार जाऊन पाचच्या एसटीनं घरी. वर्गातली एक तर पोरांना ओरडून 'मॅडम' झाली, दुसरीनं सगळ्यांना आपला मोबाईल नंबर देऊन टाकला. आम्ही सगळ्याच चाचपडत होतो.

तर एक पोरगा आहे, नऊ-दहा वर्षांचा. नाव-गाव तुला पण सांगणार नाही. ऊसतोडीच्या टोळीतला, स्टँडवर एकटा सापडला, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं (अशा पोरांचं पुढं काय करायचं ते हीच ठरवते) नेलं नि तिथनं आमच्याकडं आला. त्याच्या गादीखाली रोज भाकरीचे तुकडे सापडायचे. मी रिपोर्टमधे लिहून टाकलं, 'चोरी करायची सवय आहे, लपवाछपवी करतो'. सुपरवायझर मॅडमनी वही माझ्याकडं सरकवली, म्हणाल्या, चोरताना तू बघितलंस? कुणाला भाकरी कमी पडली? मी गप्प.

पुढच्या गुरुवारी त्याच्या शेजारी जेवायला बसले. त्यानं आपल्याच ताटातली अर्धी भाकरी दुमडून खिशात घातली. कशाला रे, म्हटलं. तर म्हणला, "दुपारी फडात कुठनं आणायची?" त्याची आई पहाटे कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, भाकऱ्या थापायची, फडक्यात बांधून न्यायची, ती दिवसभर पुरवायची, आणि ह्या पोराला अजून वाटतंय दुपारचं आपलं आपणच बघायचं.

त्या रात्री झोप नाही आली गं. माझा तो एक शब्द समितीच्या टेबलावर गेला असता नि त्याच्या फाईलला चिकटून बसला असता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तत्त्वच आहे, मुलाबद्दल दोष लावणारे शब्द वापरायचे नाहीत. परीक्षेत मी ते पाठ करून लिहिलेलं, मार्क पण पडलेले!

आता आधी बघितलेलं लिहिते, मग विचारलेलं, आणि मला काय वाटलं ते वेगळं, खाली. माया लागतेच, मॅडम म्हणतात लागू दे, पण नुसत्या मायेनं लिहिलं तरी त्यात आपणच दिसतो, पोरगं दिसत नाही. हे काम मला येतंय असं आता जरा जरा वाटायला लागलंय, आणि पाहुणे आले की मीच सांगते मी काय करते ते, आईच्या आधी.

मंगळवारी समितीपुढं तारीख आहे, त्याचे आईवडील येणारेत. रिपोर्ट तिसऱ्यांदा लिहिलाय, 'ताटातली अर्धी भाकरी दुपारसाठी राखून ठेवतो'. आणि स्वयंपाकाच्या मावशींकडनं त्याला एक झाकणाचा डबा मिळवून दिलाय, गादीखाली मुंग्या व्हायच्या.

तुझी,
मंगल